पेपर वाचून झाला? आता कुंडीला द्या!

ऑनलाइन शॉपिंगचे खोके आणि रद्दीचा गठ्ठा... टू बीएचकेमधली अर्धी गॅलरी यांनीच खाल्लीय ना? मग उरलेल्या अर्ध्या गॅलरीतल्या झाडांशी त्यांची ओळख करून द्या. फक्त त्याआधी एक छोटासा हिशेब करायचा आहे!

रविवारी पहाटे सहाला उठणारे पुणेकर दोनच प्रकारचे. एक सिंहगडावर निघालेले आणि दुसरे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. तुम्ही तिसऱ्या प्रकारात, म्हणजे साडेदहापर्यंत झोपणाऱ्यांत मोडत असाल, तरी एक रविवार मार्केट यार्डासाठी काढाच. आठवड्यातली सगळ्यात मोठी आवक रविवारीच असते. टेम्पो, हातगाड्या, हमालांचे ‘बाजूऽऽ’चे पुकारे आणि कोथिंबिरीचा वास. जिममधल्या ट्रेडमिलपेक्षा इथली चाल नक्कीच जास्त होते!

भाजी-फळं सगळेच बघतात. आज आपण बघायचंय ते त्यांच्या खालचं आणि भोवतीचं. हापूसची लाकडी पेटी आणि तिच्यातला भाताचा पेंढा. हिमाचल-काश्मीरच्या सफरचंदांचे पुठ्ठ्याचे खोके. डाळिंबांच्या मधे कोंबलेली कागदाची कात्रणं. गूळ-भुसार विभागातलं बारदान. फुलबाजारात संध्याकाळी उरलेला झेंडू. फळ विकलं जातं, घरी जातं, पोटात जातं. पॅकिंग मात्र मागे उरतं.

आता नजर स्वतःच्या फ्लॅटकडे वळवा. मोबाइल कव्हर मागवलं तरी बुटाच्या खोक्याएवढा खोका येतो. त्यात दुसरा खोका, त्यात कागद आणि त्यात ते कव्हर! सेलच्या आठवड्यात आपली गॅलरीसुद्धा छोटं मार्केट यार्डच झालेली असते.

तर या आठवड्याचा फंडा : हा कागद आणि पुठ्ठा झाडांच्या मुळाशी पांघरूण म्हणून घालायचा. इंग्रजीत मल्चिंग. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत आच्छादन.

पेपर, जो पेपरच नाही!

आच्छादन हे काही परदेशी खूळ नाही. उसाचं पाचट न जाळता सरीत तसंच ठेवणारा शेतकरी आच्छादनच करत असतो. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणारे विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या पद्धतीचे चार आधार म्हणजे बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. यातला ‘वाफसा’ हा शब्द तर पाठच करून टाका. मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे, चिखल नाही आणि खडखडाटही नाही, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुळांना हवी असते ती नेमकी हीच. आणि गॅलरीतल्या कुंडीत सगळ्यात आधी बिघडते तीही हीच.

गंमत बघा. एखाद्या शेती सेवा केंद्रात जाऊन ‘मल्चिंग पेपर द्या’ म्हणालात, तर दुकानदार तुमच्या हातात प्लास्टिकचं भेंडोळं ठेवेल. एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने काळं. टोमॅटो, मिरची, कलिंगडाच्या वाफ्यांवर मैलोन्‌मैल पसरलेलं दिसतं ते हेच. नावात पेपर, अंगात प्लास्टिक! मोठ्या शेतात त्याचे फायदे आहेत, पण हंगाम संपला की ते गोळा करणं हे मोठं काम होऊन बसतं. आपल्याला पाहिजे तो मल्चिंग पेपर रोज सकाळी दाराच्या कडीला अडकवलेला असतो. खराखुरा कागद!

कागद नेमकं करतो काय?

चार कामं करतो.

पहिलं, सावली. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा सिमेंटच्या गॅलरीतली उघडी माती तव्यासारखी तापते. वरच्या थरातली बारीक मुळं करपतात. कागदाचा थर ऊन अडवतो.

दुसरं, पाण्याची बचत. आपण घातलेलं सगळं पाणी झाड पीत नाही. बरंचसं मातीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन उडून जातं. वर झाकण असलं की हे उडणं कमी होतं. याची किंमत पुणेकरांना वेगळी सांगायला नको. पाऊस कमी झाला म्हणून २०१५च्या सप्टेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी येत होतं, तेव्हा कित्येकांच्या गॅलऱ्यांमधली झाडं आधी गेली आणि मग कुंड्या. खडकवासल्याचा साठा आजही दर उन्हाळ्यात आपल्या गप्पांचा विषय असतोच.

तिसरं, तणाचा बंदोबस्त. तणाच्या बारीक बिया मातीत वरवर पडून असतात. अंधार झाला की त्यांचं रोप वर येऊच शकत नाही. आपलं ‘लाडकं’ गाजरगवत घ्या. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती १९५५-५६च्या सुमारास, तीही आपल्या पुण्यातच. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर ते आलं असं मानलं जातं. असल्या बीवर उगवणाऱ्या पाहुण्यांसाठी कागद एकदम बेस्ट. मात्र लव्हाळा आणि हराळी ही वेगळी जमात आहे. त्यांचे कंद आणि मुळं जमिनीखाली दबा धरून बसतात आणि लव्हाळ्याचं टोक तर प्लास्टिकही भोसकून वर येतं. त्याच्यापुढे तुमची रविवार पुरवणी काय टिकणार! तो आधी खणूनच काढायचा.

चौथं काम सावकाश होतं. कागद आणि पुठ्ठा म्हणजे शेवटी लाकडाचे तंतू. ओल मिळाली की बुरशी आणि जिवाणू ते खातात, गांडुळं त्यात शिरतात. पन्हाळीच्या पुठ्ठ्याचे थर सहसा स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात, त्यामुळे तीही मेजवानी! काही महिन्यांनी पांघरुणाचीच माती होते.

परदेशात याच्यावर अख्खी पुस्तकं निघाली आहेत. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया लँझा यांनी १९९८मध्ये ‘लझानिया गार्डनिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं. खणायचं नाही, फक्त थरावर थर द्यायचे! खाली ओला पेपर, वर पालापाचोळा, त्यावर ओला कचरा, पुन्हा पाला. आपण त्याला ‘बिर्याणी गार्डनिंग’ म्हणूया. दम द्यावा लागतो, एवढं खरं!

गॅलरीतली कुंडी : दहा मिनिटांचं काम

बारा इंची कुंडी, त्यात टोमॅटो, मिरची किंवा जास्वंद आहे, असं धरून चालू.

आधी कुंडीला पोटभर पाणी घाला. कोरड्या मातीवर झाकण घातलं तर आत कोरडेपणाच कोंडला जातो. मग पेपरचे चार-पाच पदर बादलीत भिजवा. कात्री शोधत बसू नका, हाताने फाडा. फाटक्या कडा एकमेकींत छान बसतात. ओले तुकडे मातीवर एकावर एक थोडे चढवत पसरा. खोडाभोवती दोन-तीन बोटं जागा मोकळी ठेवा. हे विसरायचं नाही! खोडाला ओला कागद सतत चिकटून राहिला की साल कुजते.

आता त्यावर वाळलेला पाला, उसाचं चिपाड किंवा नारळाच्या शेंड्या घाला, एक-दोन इंच. हा थर नुसता शोभेचा नाही. उघडा पेपर दोन दिवसांत वाळतो, कडक होतो आणि वाऱ्याने उडून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर जाऊन बसतो. पुढचं सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचालच!

वाळलेला पाला कुठून आणायचा? पुण्यात आणि हा प्रश्न? फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठल्याही झाडांच्या रस्त्यावर बघा. हा पाला जाळू नये, त्याचं खत किंवा आच्छादन व्हावं, यासाठी अदिती देवधर यांनी पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम सुरू केला. एकाकडे पाला जास्त, दुसऱ्याला हवा, तर दोघांची गाठ घालून द्यायची, अशी साधी कल्पना. शेजारच्या सोसायटीत पाल्याची पोती भरून ठेवलेली दिसली तर लाजू नका, मागून आणा.

फरक पडतो की नाही हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. सारख्या दोन कुंड्या घ्या, सारखं झाड, सारखं ऊन. एकीला आच्छादन, दुसरी उघडी. दोघींना एकाच दिवशी पाणी द्या आणि रोज संध्याकाळी मातीत बोट खुपसून बघा. दुसऱ्या पेराइतक्या खोलीवर कुठली आधी कोरडी पडते? आठवड्यात उत्तर मिळेल, तेही बिना अॅपचं.

आणि हो, पाणी घालण्याची सवय बदलावी लागते. वरून सुकं दिसतंय म्हणून रोज मग ओतायचा नाही. कागद वर वाळलेला असतो, खाली माती ओली असते. आधी बोट, मग मग!

सोसायटीची बाग : इथे खोके हवेत

पार्किंगच्या कडेला सोसायटीची एक उदास पट्टी असतेच. दोन क्रोटन, एक मोडकी पाटी आणि गुडघाभर गवत. तिथे पेपर पुरत नाही, पुठ्ठा लागतो.

गवत अगदी बुडापासून कापा, उपटू नका. जमीन भिजवा. खोके उघडून सपाट करा आणि सेलोटेप, स्टिकर, पिना सगळं काढा. यात आळस केलात तर पुठ्ठा मातीत मिसळतो आणि टेप वर्षानुवर्षं तुमच्याकडे बघत राहते! पुठ्ठे एकमेकांवर अर्धा फूट चढवून पसरा, नाही तर गवत फटीतून डोकं काढतं. पुन्हा पाणी मारा. वर तीन-चार इंच पाला. झाड लावायचंय तिथे पुठ्ठ्याला भोक पाडा आणि रोप थेट मातीत लावा.

दसरा-दिवाळीनंतर फुलबाजारात आणि आपल्याच दारावर उरलेला झेंडू यासाठी मस्त. पुठ्ठा हा कोरडा कार्बनवाला थर, तर झेंडू हा ओला नायट्रोजनवाला. दोघांची जोडी जमली की कुजण्याचा वेग वाढतो. तोरणातला दोरा आणि प्लास्टिकची झालर मात्र आधी काढा.

टायमिंग? पाऊस सरता सरता, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जमिनीत ओल असते, ती आत कोंडून ठेवायची. दुसरी वेळ फेब्रुवारीअखेर, ऊन तापायच्या आत. भर जुलैत कुंडीवर जाड पुठ्ठा घालू नका. तेव्हा पाणी वाचवायचं नसतं, ते निघून जायला हवं असतं.

आणि हे साप्ताहिक?

आता थोडं मनाला लागेल असं. तुमच्या हातात आत्ता जे चकचकीत पान आहे, ते कुंडीत घालू नका! गुळगुळीत कागदावर खनिज मातीचा लेप असतो. तो लवकर कुजत नाही, ओला झाला की पानं एकमेकांना चिकटून त्याची फरशी होते आणि पाणीही आत जात नाही. तेव्हा आम्हाला वाचा, जपून ठेवा, मित्राला द्या, पण पुरू नका.

सोनेरी-चंदेरी लग्नपत्रिका, लॅमिनेट केलेले खोके, एटीएमच्या पावत्या, चहाचे कागदी कप (आत प्लास्टिकचा थर असतो, बरं का), हेही सगळं बाद. फळांच्या काही खोक्यांना आतून मेण किंवा प्लास्टिक लावलेलं असतं. टेस्ट सोपी आहे. चार थेंब पाणी टाका. मुरलं तर पास, मोत्यासारखं घरंगळलं तर नापास.

पिझ्झाचा खोका? त्याचं झाकण स्वच्छ असतं, तळ तेलकट. तेलकट तळ मातीवर ठेवला तर मुंग्या आणि उंदीर यांना होम डिलिव्हरी! तो फाडून झाकण असलेल्या कंपोस्टच्या बादलीत टाका.

शाईचं काय?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि विचारायलाच हवा. वडापाव पेपरात गुंडाळू नका, असं एफएसएसएआयने डिसेंबर २०१६मध्ये सांगितलं आणि सप्टेंबर २०२३मध्ये पुन्हा बजावलं. मग तोच पेपर पालकाच्या मुळाशी चालतो?

फरक असा. गरम, तेलकट वडा शाईतली द्रव्यं थेट ओढून घेतो आणि ती तशीच तुमच्या पोटात जातात. मातीत मधे एक मोठी फॅक्टरी आहे, जिवाणूंची. काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि तेल. काजळी मातीत गप्प पडून राहते, तेलाचा फडशा हळूहळू जिवाणू पाडतात. जुन्या काळी रंगीत शायांमध्ये शिसं असायचं, तिथून ही भीती रुजली.

तरीही थोडी सावधगिरी बरी. फुलझाडं, कढीपत्ता, लिंबू, टोमॅटो यांना काळ्या-पांढऱ्या पानांचा पेपर चालेल. रंगीत जाहिरातींची पानं बाजूला काढा. मेथी, पालक, कोथिंबीर यांची पानं जमिनीलगत असतात आणि आपण ती तशीच खातो, तिथे बिनछपाईचा तपकिरी पुठ्ठा किंवा नुसता पाला वापरा. टेन्शन खल्लास.

दुसरी बाजूही ऐका

इथपर्यंत वाचून सगळंच गोडगोड वाटत असेल, तर थांबा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बागशास्त्राच्या तज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट गेली कित्येक वर्षं पुठ्ठ्याच्या आच्छादनाच्या विरोधात लिहितायत. त्यांचं म्हणणं, सपाट पुठ्ठा मातीचा श्वास अडवतो. हवेची ये-जा कमी होते आणि वाळलेला पुठ्ठा पाणीही नीट आत जाऊ देत नाही. त्यापेक्षा लाकडाच्या भरड चिपा पसरा, असा त्यांचा सल्ला. आपला वाफसा आठवला ना? पाणीही हवं आणि हवाही. म्हणून गादी करायची नाही, पातळ पांघरूणच घालायचं. कुंडीत चार-पाच पदरांच्या वर जाऊ नका आणि मोठ्या झाडाच्या मुळांवर वर्षानुवर्षं पुठ्ठ्यावर पुठ्ठे चढवू नका. पाला किंवा चिपा भरपूर मिळत असतील, तर पुठ्ठ्याशिवायही झकास काम होतं.

आपल्याकडचे प्रॉब्लेम आणखी वेगळे. पहिला वाळवी. पुठ्ठा म्हणजे तिचं आवडतं खाद्य. त्यामुळे भिंतीला, दाराच्या चौकटीला किंवा लाकडी बाकाला लागून पुठ्ठा पसरायचा नाही, हात-दोन हात अंतर ठेवायचं आणि अधूनमधून उचलून बघायचं. दुसरा गोगलगाय. शंखी गोगलगायींनी २०२२मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. ओला पुठ्ठा म्हणजे त्यांचं दिवसा झोपायचं फाइव्ह स्टार हॉटेल. पावसाळ्यात सकाळी पुठ्ठा उलटा करा, खाली बसलेल्या गोगलगायी हातमोजा घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

तिसरी चूक उत्साही मंडळी करतात. पेपर बारीक करून मातीतच कालवतात. तसं करू नका. कागदात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन नावालाच. तो पचवताना जिवाणू मातीतला नायट्रोजन उसना घेतात आणि झाडाची पानं पिवळी पडतात. वर पसरलात तर ही उसनवारी अगदी वरच्या पापुद्र्यापुरती राहते.

मुद्द्याची गोष्ट : हा कागद कुणाचा?

आता तो हिशेब, जो सुरुवातीला म्हटला होता.

मार्केट यार्डात चांगला खोका शोधायला जा. पडलेला सापडणार नाही! धड खोक्याला, पेटीला, बारदानाला तिथे लगेच गिऱ्हाईक असतं. जे उरतं ते वेचलं जातं, दाबलं जातं, बांधलं जातं आणि भंगारच्या दुकानांमधून वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांकडे जातं. तिथे जुन्या पुठ्ठ्याचा नवा पुठ्ठा होतो. म्हणजे आपण ज्याला ‘फुकटचा कचरा’ म्हणतोय, त्यावर आधीच कुणाची तरी चूल पेटते.

याच मार्केट यार्डात हमाल भवन आहे. बाबा आढाव यांनी १९५५मध्ये पुण्यात हमाल पंचायत उभी केली. पुढे १९९३मध्ये शहरातल्या कचरावेचकांची संघटना झाली. नाव काय? ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावातला पहिलाच शब्द बघा. कागद! उकिरड्यात हात घालून वेचणाऱ्या बायकांनी सांगितलं की आम्ही कष्टकरी आहोत, आम्ही वेचतो तो माल आहे. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८मध्ये तिचा महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जातं, ते या कामातल्या कमाईचा महत्त्वाचा भाग. त्यात कोरडा पुठ्ठा आणि वर्तमानपत्र हे मानाचे गणपती.

मग तुम्ही सगळे खोके बागेत पुरलेत, तर झाडाला मिळेल, पण कुणाच्या तरी पिशवीतून जाईल. पर्यावरणाच्या हिशेबानेही कोरा करकरीत पुठ्ठा मातीत घालणं हा पहिला नंबर नाही. कागदाचे तंतू साधारण पाच-सात वेळा पुन्हा वापरता येतात. पहिल्याच फेरीत त्याची माती कशाला करायची?

‘अरे, पण मी दोन कुंड्यांत घातलेल्या चार पेपरांनी कुणाचं काय बिघडणार?’ असं म्हणाल. खरंय, चार पेपरांनी नाही बिघडत. पण चारशे फ्लॅटच्या सोसायटीने ‘झीरो वेस्ट’च्या उत्साहात सगळा पुठ्ठा बागेकडे वळवला, तर बिघडतं. सोसायटीला ग्रीन म्हणून बक्षीस मिळेल आणि रोज जिना चढून येणाऱ्या ताईंच्या महिन्याच्या हिशेबात खड्डा पडेल. असला ग्रीनपणा काय कामाचा, राव?

दुसऱ्या टोकालाही जायची गरज नाही. कारण सगळा कागद विकला जात नाही. पावसात भिजलेला खोका, सडक्या टोमॅटोच्या रसाने माखलेला पुठ्ठा, कात्रणं, अंड्यांचे फुटके ट्रे, कुंडीखाली अंथरून मळलेला पेपर, याला भंगारात भाव नाही किंवा असला तर पडेल. हा माल कोरड्या कचऱ्यात गेला, तर चांगला कागदही ओला करतो आणि मग गाडीत बसून शहराबाहेर जातो. शहराबाहेर म्हणजे कुठे, ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. २०१७च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या आणि तीन आठवडे पुण्याचे कोपरे ओसंडत होते. जो कागद कुणाच्याच उपयोगाचा नाही, तो तुमच्या मुळांशी एकदम योग्य जागी आहे.

म्हणजे वाटणी अशी. कोरडा, स्वच्छ, सपाट केलेला पुठ्ठा आणि रद्दी कचरावेचक ताईंना. भिजका, मळका, फाटका कागद बागेला. आणि दोन-चार चांगले पेपर लागलेच, तर खुशाल घ्या, कुणी हिशेब मागणार नाही.

कापून फ्रिजवर लावा

• आधी पाणी, मग कागद, वर पाला.
• कुंडीत ओल्या पेपरचे चार-पाच पदर. बागेत पुठ्ठ्याचा एकच थर, कडा अर्धा फूट एकमेकांवर.
• खोडापासून दोन-तीन बोटं लांब.
• टेप, पिना, स्टिकर बाहेर. गुळगुळीत, सोनेरी, मेणाचा कागद बाद.
• मातीत कालवायचा नाही, वर पसरायचा.
• भिंतीपासून लांब. वाळवी आणि गोगलगायींसाठी अधूनमधून उचलून बघा.
• ऑक्टोबर आणि फेब्रुवारी बेस्ट. भर पावसात कुंडीला सुट्टी.

या रविवारी एवढं करा. खोक्यांचा ढीग उपसा, दोन वाटे करा आणि चांगला वाटा दाराशी नेऊन द्याल तेव्हा ताईंना एक प्रश्न विचारा : ‘यातला कुठला तुम्ही घेत नाही?’ कुठला पुठ्ठा विकला जातो आणि कुठला नाही, हे त्यांच्याइतकं अचूक कुणालाच माहीत नसतं. त्या जो बाजूला काढतील, तोच तुमच्या मोगऱ्याचा!